देवांच्या आसनाखालची किल्ली

आधी माफी मागतो. लिहिणं हा माझा प्रांत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझं आजवरचं लिखाण म्हणजे परीक्षेची उत्तरं, एक प्रबंध आणि वडिलांच्या वतीने भरलेले अर्ज. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘परदेशात कायदा शिकताना’ असा हलकाफुलका लेख द्या, असं संपादकांनी सांगितलं होतं. तीन वेळा बसलो. तिन्ही वेळा तो लेख एका खिडकीपाशी येऊन थांबला. म्हणून तो देत नाही — हे देतो.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आबांना नाही, मित्रांना नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. अंक कार्डिफच्या आसपासच्या सगळ्या मराठी घरांत जातो, म्हणजे त्या घरातही जाईल. जाऊ दे.

कुठून सुरू करू? बंदुकीपासून करतो, कारण उत्सुकता तिथून सुरू झाली.

आबा — माझे वडील — बार्शीला एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे असत. दुनळी, बारा बोअरची, स्वतःच्या लायसनवरची. नोकरी बंदुकीमुळे होती, बंदूक लायसनमुळे, आणि लायसन नूतनीकरणाच्या एका फॉर्ममुळे. सातवी शिकलेल्या आबांना बंदुकीची भीती वाटत नसे, फॉर्मची वाटे. म्हणून आठवीत गेल्यापासून तो मी भरायचो. ‘शस्त्र कशासाठी हवे?’ असा एक रकाना होता. मी त्यात ‘उदरनिर्वाह’ असं लिहिलं आणि आबा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी कोर्टात केस जिंकून आलोय. पण बंदुकीला हात लावायची मुभा मला नव्हती. दसऱ्याला हळदकुंकूसुद्धा लांबूनच. एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली होती: बंदूक हातात आली की आधी ती मधून मोडायची, नळ्यांतून उजेड बघायचा, मग बाकीचं.

हा उजेड लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एखाद्या माणसाला बंदूक ठेवू द्यायची की नाही हे सरकार कसं ठरवतं — हे कुतूहल त्या रकान्यातून माझ्या डोक्यात शिरलं ते गेलंच नाही. दोन हजार चार साली शिष्यवृत्तीवर कार्डिफला एलएलएम करायला आलो, तेव्हा प्रबंधाचा विषयही तोच घेतला. माझ्या मार्गदर्शक बाईंना इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारायची होती. ते मला कधीच जमलं नाही. मी नाव टाळून वाक्यं रचायचो. त्यांनी मला आधी अमेरिका वाचायला लावली. तिथे एखादं राज्य बंदुकांवर निर्बंध आणणारा कायदा करतं, आणि कुणी साधा माणूस उठून कोर्टात जातो — हा कायदाच माझ्या हक्काच्या आड येतो, रद्द करा म्हणतो. मला याचं फार नवल वाटायचं. राज्याला असं विचारता येतं? मग इथे, ब्रिटनमध्ये, काय? इथे तसा हक्कच नाही. शॉटगनचं, म्हणजे आबांच्यासारख्या बंदुकीचं, सर्टिफिकेट पोलीस देतात, पोलीसच काढून घेतात, आणि काढून घेतलं तर क्राउन कोर्टात अपील करायचं. तिथे कायदा बरा की वाईट हा मुद्दा सहसा निघत नाही. माणूस कसा आहे, हाच मुद्दा.

“अशा अपिलात माणूस कोर्टाकडे नेमकं काय मागत असतो?” बाईंनी विचारलं.

मी म्हणालो, बंदूक. त्या म्हणाल्या, नीट विचार कर. आठवडाभराने मी बिचकत सांगितलं, की आपण भरवशाचे आहोत असं कुणीतरी अधिकृतपणे म्हणावं, हे तो मागत असतो. त्या हसल्या. म्हणाल्या, छान, आता असं एखादं खरंखुरं अपील शोधून काढ.

शोधावं लागलं नाही.

मी राहत होतो डॉक्टर सबनीसांकडे. बार्शीच्या आमच्या डॉक्टरांचे ते कॉलेजातले मित्र. कार्डिफच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका छोट्या गावात तीसेक वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. “हॉस्टेलमध्ये राहून बीन्स-टोस्ट खायला आलायस का?” असं म्हणून काकूंनी मला वरची मागची खोली दिली. काका मला पहिल्या दिवसापासून ‘वकीलसाहेब’ म्हणत. पहिल्याच रात्री जेवताना कळलं की काकांकडे शॉटगन आहे. मी ताटातला हात तसाच ठेवून बघत राहिलो. डॉक्टर आणि बंदूक?

“अरे, वकीलसाहेब, इथे ते क्रिकेट आहे,” काका म्हणाले. मग सविस्तर सांगितलं. आले तेव्हा पहिलं वर्षभर पेशंट त्यांना हवामान सांगायचे, दुखणं सांगायचे नाहीत. एका शेतकऱ्याने एका रविवारी मातीच्या चकत्या उडवायच्या खेळाला नेलं. यंत्रातून चकती आकाशात सुटते, ती हवेतच फोडायची. पहिल्या रविवारी काकांची एकही फुटली नाही. सगळे पोटभर हसले. तिसऱ्या रविवारी चार फुटल्या, आणि सोमवारी दवाखान्यात बसायला जागा नव्हती. तेव्हापासून गावात ते ‘डॉक’. काकू मध्येच म्हणाल्या, “चार नाही, दोन. दर वर्षी एक वाढते.”

शेजारी, उतारावर खालच्या बाजूला, मिसेस प्रॉसर राहत. सत्तरी गाठलेल्या, एकट्या, ताठ. काकूंना ड्रायव्हिंग त्यांनी शिकवलं होतं. नव्याने आलेल्या, इंग्रजीला घाबरणाऱ्या काकूंना शेजारी बसवून, डोंगरातल्या वळणांवर, “ब्रेक इज द मिडल वन, लव्ह” असं शंभर वेळा सांगत. आणि त्यांच्या बागेत एक गिंकोचं झाड होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्याचं पान मधोमध चिरलेलं असतं आणि शरदात पिवळंधमक होतं. आपट्याची आठवण येईल असंच. दर दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून काकू तीच पानं वाटायच्या, आणि ती मिसेस प्रॉसर स्वतः, निवडून, टोपलीत घालून आणून द्यायच्या. सोनं लुटायचं असतं हे कळल्यावर त्या म्हणाल्या होत्या म्हणे, माझ्या बागेत कुणी लुटालूट करायची नाही, मी देईन.

आता किल्ली.

कायद्याप्रमाणे बंदूक भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात बंद असायला हवी, आणि परवानाधारकाखेरीज कुणाच्या हाती ती पडू नये अशी तजवीज हवी. काकांनी किल्ली देवघरात ठेवली होती. देवांच्या आसनाखाली, लाल वस्त्राच्या घडीत. त्यांचा हिशेब सरळ होता. चोर देवांना हात लावेल, आसन कशाला उचलेल? आणि घरातलं कुणी उचललं तर? काकूंना ठाऊक होतं की किल्ली घरात कुठेतरी आहे. कुठे, ते त्यांनी विचारलं नव्हतं. पण काकूंचे गुडघे गेलेले. मी राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, वकीलसाहेब, पूजा येते ना? मग सकाळची पूजा तुझ्याकडे.

पूजा करणारा माणूस आसन उचलून पुसतो. हे काकांच्या लक्षात आलं नाही. तीस वर्षं पूजा तेच करत होते, म्हणून त्यांना ती जागा कुणाच्याही नजरेआडची वाटत होती. पहिल्याच दिवशी माझ्या हाताला किल्ली लागली. मी ती पुसली आणि परत ठेवली. बोललो नाही. बोलायला हवं होतं का? हवं होतं. पण ती कशाची असेल याचा अंदाज बांधण्यात मला मजा वाटत होती.

दसरा त्या वर्षी शनिवारी आला होता. काकांचा दवाखाना दुपारपर्यंत. काकू सामान आणायला गाडी घेऊन खालच्या दुकानांकडे गेल्या. जाताना सांगून गेल्या, पाटावर शस्त्रं मांडून ठेव: सुऱ्या, बागेतली कात्री, ड्रिल, काकांचा जुना स्टेथोस्कोप. “बंदूक ते स्वतः काढतील आल्यावर. दर वर्षी तेच काढतात.” एवढं स्पष्ट सांगितलं होतं.

मी सगळं मांडलं. पाट रिकामा-रिकामा दिसत होता, असं मी नंतर स्वतःला सांगत आलोय. ते खरं नाही. मला ती हातात घ्यायची होती. आठवीपासून घ्यायची होती.

आसन उचललं, किल्ली काढली; ती कशाची, हे एव्हाना ओळखलं होतं. कपाट माझ्याच खोलीशेजारच्या अडगळीच्या खोलीत होतं. बंदूक बाहेर आली. अपेक्षेपेक्षा जड, आणि थंड. आबांनी शिकवल्याप्रमाणे मी ती मधून मोडली. उजेड बघायला खिडकीकडे धरली, तर काच धुळीने आंधळी. खिडकी कधीकाळी दिलेल्या रंगाने चिकटून बसलेली होती. मी खांद्याने जोर लावला तशी ती कट् करून उघडली. नळ्यांतून उजेड दिसला — दोन स्वच्छ गोल, त्यांत डोंगर. काम झालं होतं. मग मी बंदूक मिटली, खांद्याला लावली आणि खिडकीबाहेर रोखली. का? कशावर? कशावरच नाही. नेम धरल्यावर जग कसं दिसतं, एवढंच बघायचं होतं.

नेमाच्या टोकाला पिवळं झाड होतं. झाडाखाली टोपली हातात धरून मिसेस प्रॉसर उभ्या होत्या आणि वर बघत होत्या.

त्या आमच्यासाठी पानं गोळा करत होत्या.

मी मागे सरलो. बंदूक कपाटात, किल्ली आसनाखाली, देव जागेवर. खिडकी दोन्ही हातांनी ओढून पहिल्यासारखी घट्ट बसवली. तेवढ्यात खाली फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. मी जिन्यात उभा राहून मोजत होतो — सोळा वेळा. उचलला नाही. नंतर कळलं, त्या मिसेस प्रॉसर होत्या. डॉक्टरांची गाडी नाही, काकूंची नाही, आणि वरच्या खिडकीत बंदूकवाला कुणीतरी. त्यांना वाटलं घरात चोर शिरलाय, काकू परत येतील आणि त्याच्यासमोर जातील. फोन कुणी उचलेना म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं.

त्या दिवशी रग्बीची मॅच होती, अर्धे पोलीस तिकडे. यायला तास उलटून गेला. तोवर काका घरी आले होते, त्यांनी रीतसर स्वतः बंदूक काढून पाटावर ठेवली होती, मंडळातली दोन-तीन कुटुंबं आली होती. दारात दोन पोलीस उभे आणि काका कपाळाला कुंकू लावून “या, या” करतायत. पोलिसांना आत दिसलं ते असं: पाटावर बंदूक, तिच्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, शेजारी ड्रिल. त्यांतला तरुण पोलीस काकांनीच लहानपणी औषधं दिलेला. तो बिचारा कुठे बघावं ते न कळून ड्रिलकडे बघत राहिला.

काकांनी सगळं खरं सांगितलं. “बंदूक साडेबाराला मी काढली. त्याआधी बंद होती. किल्लीची जागा माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.” कुठे ठेवता? “अंडर द गॉड्स,” काका म्हणाले.

“अंडर द व्हॉट, डॉक?”

मंडळी हसली. मग पोलिसाने एकेकाला विचारलं. पावणेबाराच्या सुमारास घरात कोण होतं? मी होतो. वरच्या खिडकीत कुणी बंदूक घेऊन उभं होतं का?

मी म्हणालो, “नो.”

एवढंच. एका अक्षराचं काम. मी किचनमध्ये होतो, असंही पुढे जोडलं — न विचारता. कायदा मला पुरेसा ठाऊक होता: सर्टिफिकेट नसताना शॉटगन हातात घेणं हा गुन्हा. गुन्हा म्हणजे व्हिसा धोक्यात. व्हिसा म्हणजे बँकेच्या दाराशी उभे असलेले आबा. हे सगळं त्या ‘नो’च्या आधी डोक्यात आलं की नंतर? मी खूपदा आठवून पाहिलं. नंतर आलं. आधी काहीच नव्हतं. तोंडातून नुसतं निघून गेलं.

बंदूक पोलीस घेऊन गेले. काही आठवड्यांनी पत्र आलं, की सर्टिफिकेट रद्द. एका विश्वासार्ह साक्षीदाराने अनधिकृत व्यक्तीच्या हाती बंदूक पाहिली आहे. धारक ते नाकारतो. किल्ली घरातल्या कुणालाही मिळेल अशा जागी. धारकावर बंदुकीबाबत भरवसा ठेवता येत नाही.

काकांनी ते पत्र तीन वेळा वाचलं. बंदुकीचं त्यांना काही नव्हतं, वय झालं होतं, चकत्याही आता दोनाच्या वर फुटत नव्हत्या. शेवटचं वाक्य त्यांना लागलं. “तीस वर्षं यांची पोरं मी बाहेर काढली,” ते म्हणाले, “आणि भरवसा नाही?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वकीलसाहेब, हे चॅलेंज करता येतं ना?”

मी म्हणालो, येतं. क्राउन कोर्टात. कलमासकट सांगितलं.

आता मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतोय तिथे यायला हवं. कारण खोटं बोललो, घाबरलो — एवढंच असतं तर कदाचित हे लिहिलं नसतं. घाबरलेला माणूस आठवड्याभराने तरी तोंड उघडतो. माझी भीती तर नाताळपर्यंत ओसरली होती. मग मी का बोललो नाही?

मला बघायचं होतं पुढे काय होतं.

हे लिहिताना हात थांबतोय, पण ते तसंच होतं. अपील उभं राहताना मी आतून बघत होतो — नोटीस कशी जाते, पोलीस उत्तर काय देतात, बॅरिस्टर कुठला मुद्दा धरतो. बाईंना मी सांगितलं, मला खरं अपील सापडलंय. त्या खूश झाल्या. काका संध्याकाळी कागद माझ्यापुढे ठेवून विचारत, याचा अर्थ काय रे, आणि मी समजावून सांगे. ते काकूंना म्हणत, बघ, देवाने पोरगा वेळेवर पाठवला.

मी जबानीही दिली. काकांच्या सॉलिसिटरने मसुदा केला, मी इंग्रजी सुधारलं, खाली सही केली: त्या सकाळी मी घरात होतो, बंदुकीला कुणी हात लावला नाही, किल्ली कुठे असते हे मला माहीत नव्हतं. रोज सकाळी आसन पुसणारा मी.

मिसेस प्रॉसरांशी बोलणं त्याआधीच बंद झालं होतं. काकांची खात्री होती की बाई खोटं बोलतेय. काकू म्हणायच्या, खोटं नाही हो, काहीतरी वेगळं दिसलं असेल. त्यावर काका म्हणाले, “शेवटी आपण बाहेरचेच ना.” तीस वर्षांत त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं, असं काकू म्हणाल्या. ते वाक्य माझ्यामुळे त्या घरात आलं.

सुनावणी एप्रिलमध्ये होती. न्यायाधीश, त्यांच्या दोन बाजूंना दोन मॅजिस्ट्रेट. मला आधी बोलावलं. कशावर हात ठेवून शपथ घेणार, असं कोर्टातल्या कारकून बाईंनी विचारलं. त्यांच्याकडे गीताही होती. मी म्हणालो, नुसतं वचन देतो. गीतेवर हात ठेवला नाही म्हणजे खोटं जरा कमी होतं, असा माझा तेव्हा समज होता की काय? पोलिसांच्या वकिलाने दोनच प्रश्न विचारले. मी दोन्हींना “नो, सर” म्हणालो आणि मागच्या बाकावर जाऊन वही उघडली.

मग मिसेस प्रॉसर आल्या. निळा कोट, ताठ मान. त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. झाडाखाली होते, वर पाहिलं, खिडकी उघडी होती, एक तरुण, चेहरा ओळखू आला नाही, नळी चौकटीच्या बाहेर आलेली. काकांचा बॅरिस्टर अतिशय सभ्य होता. एकदाही आवाज चढवला नाही. सूर्य कुठे होता? डोळ्यांवर येत होता का? थोडा. खिडकी उघडी होती म्हणता? हो, उघडी. मग त्याने काकूंची जबानी वाचली — ती खिडकी रंगाने चिकटलेली आहे, गेल्या कित्येक वर्षांत उघडलेली नाही. काकू अगदी खरं सांगत होत्या. ती उघडते हे जगात एकट्या माझ्या खांद्याला ठाऊक होतं. मग त्याने विचारलं, डोळे शेवटचे कधी तपासले होते?

मिसेस प्रॉसरांनी चष्मा काढला. कोटाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि कोर्टाच्या उंच खिडकीकडे बघितलं — बराच वेळ. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मला वाटलं होतं, मी पाहिलं.”

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. वेळेसकट.

काका अपील जिंकले. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार पूर्णपणे प्रामाणिक आहेत, पण त्यांची चूक झाली. डॉक्टरांवर भरवसा न ठेवण्याजोगं काही नाही. किल्ली मात्र दुसरीकडे ठेवावी. काकांनी बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. काकूंचं लक्ष समोरच्या बसस्टॉपकडे होतं. मिसेस प्रॉसर तिथे उभ्या होत्या. “सकाळी त्या गाडीने आल्या होत्या ना?” काकू म्हणाल्या. “गाडी पार्किंगमध्येच सोडून चालल्यात.” काका म्हणाले, त्यांची मर्जी.

नंतर कुणीतरी ती गाडी आणून त्यांच्या दारात लावली. मी सप्टेंबरपर्यंत त्या घरात होतो. पूर्वी दर बुधवारी त्या गाडी काढून डोंगरापलीकडे बहिणीकडे जायच्या. उन्हाळाभर गाडी हलली नाही. काचेवर आधी परागकण, मग धूळ, मग गिंकोची पहिली पिवळी पानं. माझ्या खोलीच्या खिडकीतून मला रोज दिसायची. मला अमेरिकेतल्या कुठल्या राज्याच्या कायद्याला कुणी का आव्हान दिलं याची उत्सुकता होती. न्यायाधीश एखादा शब्द का वापरतात याची होती. ती गाडी का हलत नाही, याची वाटली नाही.

प्रबंधाला डिस्टिंक्शन मिळालं. त्यातलं चौथं प्रकरण बाईंना विशेष आवडलं. त्यात एक वाक्य आहे — अशा अपिलांत शेजाऱ्यांच्या साक्षी प्रामाणिक असूनही किती डळमळीत असतात, याचं हे बोलकं उदाहरण होय. ते मी लिहिलं. स्वतःच्या हाताने, खरं काय ते ठाऊक असताना. त्याच प्रकरणाच्या जोरावर मला ब्रिस्टलला संशोधनासाठी जागा मिळाली. आबांनी बार्शीत पेढे वाटले.

याला आता तीन वर्षं होतील. काका-काकूंचा फोन रविवारी येतो. काका रिटायर झाले आहेत. कपाट अजून आहे, किल्ली कुठे असते ते आता कुणालाच ठाऊक नाही, असं हसून सांगतात. मंडळात ते ही कथा रंगवून सांगतात, ‘अंडर द गॉड्स’सकट, आणि शेवटी म्हणतात, केस आमच्या वकीलसाहेबांनी लढवली.

गेल्या रविवारी फोन काकूंचा होता. आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाल्या, मिसेस प्रॉसर घर विकून गेल्या, बहिणीकडे राहायला. ट्रक लागला होता तेव्हा काकूंना राहवलं नाही. इतक्या वर्षांनी त्या उतरून खाली गेल्या. मिसेस प्रॉसर आत आवरत होत्या, दारात त्यांची भाची भेटली. गाडीशिवाय त्या चढावर राहणं होईना म्हणून जाताहेत, असं ती म्हणाली. काकूंनी विचारलं, गाडीला काय झालं?

“अरे, त्यांनी लायसनच परत पाठवून दिलं,” काकू मला म्हणाल्या. “कोर्टातून आल्या त्याच आठवड्यात. कुणी मागितलं नव्हतं. मला भरदिवसा नसलेला माणूस दिसतो, म्हणाल्या, उद्या असलेलं पोर दिसलं नाही तर? भाचीने दोनदा डोळे तपासून आणले. ठणठणीत आहेत म्हणे. पण त्यांचा विश्वासच बसत नाही. अंधाऱ्या जिन्यातसुद्धा भिंत चाचपत उतरतात म्हणे आता.”

  मला ड्रायव्हिंग शिकवलं रे त्यांनी, काकू एवढंच पुटपुटल्या. मग मागून काकांचा आवाज आला, फोनपासून लांब, पण स्पष्ट.

“बघ, मी म्हणत होतो ना,” काका म्हणाले, “त्यांना दिसतच नव्हतं. हो की नाही, वकीलसाहेब?”

मी “हो” म्हणालो.